वितळतारेची साक्ष : गाडीतला फ्यूज, त्याचा इतिहास आणि कारणाचा शोध



मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातल्या अनुमानाविषयी बोललो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे ते शतकानुशतकं चालत आलेलं उदाहरण. ते व्याख्यान ऐकून काही श्रोत्यांनी गोड तक्रार केली, की सर, डोंगर आणि धूर आता पुरे झाला, काहीतरी आजचं द्या. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आम्ही विषय घेतला आहे तो मोटारीतल्या ॲम्प्लिफायरच्या उडालेल्या फ्यूजचा. हसू नका. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा या विषयाशी संबंध काय, असं वाटणं साहजिक आहे. पण संबंध आहे, आणि तो चांगलाच अंगाशी आलेला संबंध आहे. तेव्हा आधी ती हकिगत सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊबीजेला पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी भाच्याची, जुनी, छोटी. पुढे तो आणि आम्ही, मागे आमची पत्नी आणि भाच्याची दोन लहान मुलं. भाच्याला गाण्याचा शौक. त्यानं डिकीत ॲम्प्लिफायर आणि भला मोठा स्पीकर बसवून घेतला होता. पण महिनाभर त्याचा फ्यूज सारखा उडत होता. ज्यानं काम केलं त्यानं सांगितलं, ‘ॲम्प्लिफायर गेलाय, नवा घ्या.’ भाच्यानं नवा घेतला. फ्यूज उडायचा थांबला नाही.

त्या दिवशी शिरवळच्या आसपास गाणं बंद पडलं. फ्यूज उडाला होता. जवळचा शेवटचा फ्यूजही संपला, सणामुळे दुकानं बंद. मुलांच्या हातात चॉकलेट होतं. भाच्यानं त्याची चांदी घेतली, चार-पाच घड्या घालून उडालेल्या फ्यूजवर गुंडाळली आणि म्हणाला, ‘मामा, जरा टॉर्च धरा ना.’ आम्ही टॉर्च धरला. मंडळी, हे मुद्दाम सांगतो आहोत. आम्ही ‘नको’ म्हणालो नाही. तर्कशास्त्राचा प्राध्यापक बॅटरीशेजारी टॉर्च धरून उभा होता.

खंबाटकीचा घाट चढताना रबर जळल्याचा वास आला. पाठोपाठ पुढच्या सीटच्या पायाखालून धूर. भाच्यानं गाडी कडेला घेतली. पत्नीनं मुलांना ओढून बाहेर काढलं. भाच्यानं दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, आणि धूर थांबला. पायाखालचं कार्पेट बशीएवढं जळलं होतं. मुलं अर्धा तास रडत होती. आणखी पाच मिनिटं गेली असती तर आज आम्ही इथे हे व्याख्यान देत नसतो, किंवा दिलं असतं तर फार वेगळ्या आवाजात दिलं असतं.

पुढे या प्रकरणाचा उलगडा कसा झाला, ते शेवटी सांगतो. आधी आपण हे बघू, की जी वस्तू आम्ही चांदीत गुंडाळून गप्प केली, ती माणसानं निर्माण कशासाठी केली होती.

आपल्या शालेय पुस्तकांत फ्यूजला एक सुंदर मराठी शब्द आहे : वितळतार. इंग्रजीतला फ्यूज हा शब्दही लॅटिनमधल्या ‘वितळवणे’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे. बॉम्बच्या किंवा सुरुंगाच्या वातीलाही इंग्रजीत फ्यूज म्हणतात, पण तो शब्द वेगळा. तो लॅटिनमधल्या ‘चाती’, सूत काताय‌ची चाती, या अर्थाच्या शब्दातून आला. एक शब्द स्फोट घडवणाऱ्याचा, दुसरा स्फोट टाळणाऱ्याचा, आणि बोलायला दोन्ही सारखेच. मराठीनं मात्र एकीला वात म्हटलं आणि दुसरीला वितळतार. घोटाळ्याला जागाच ठेवली नाही.

ही कल्पना जन्मली ती दिव्यांच्या आधी, तारायंत्राच्या काळात. तारायंत्राच्या तारा मैलोन् मैल उघड्यावर जात. त्यांवर वीज पडली की तो लोंढा तारेतून थेट कचेरीत शिरे. यंत्र जळे, आणि यंत्रापाशी बसलेल्या माणसालाही धोका असे. पॅरिसमधले ब्रेगे हे घड्याळजींच्या प्रसिद्ध घराण्यातले यंत्रकार. त्यांनी १८४७ च्या सुमारास सुचवलं, की तार कचेरीत शिरण्याआधी तिचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवा. मोठा प्रवाह आला तर तो बारीक तुकडा आधी वितळेल, आणि आतली माणसं-यंत्रं वाचतील.

आता या कल्पनेतला विचार बघा. त्यापूर्वी आपलं सगळं बांधकामशास्त्र काय सांगत होतं? साखळीची कमकुवत कडी शोधा आणि ती मजबूत करा. ब्रेगे उलट सांगत होते. कमकुवत कडी ही कुठेतरी असणारच. ती कुठे असावी हे नशिबावर सोडू नका, ते तुम्ही ठरवा. तुटायचंच असेल तर ते सोयीच्या जागी, सहज बदलता येईल असं, आणि कुणाला इजा न होता तुटू दे. फ्यूजच्या पुढच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात बदल पुष्कळ झाले, पण हा विचार तसाच राहिला.

या विचाराला गणित मिळालं ते मँचेस्टरच्या परिसरातल्या जूल यांच्याकडून. १८४०-४१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. तिप्पट झाला तर नऊपट. पुढे १८८० च्या दशकात ब्रिटिश डाक-तार खात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी विचारलं, की किती जाडीची तार किती करंटला वितळते? त्यांचं सूत्र आजही शिकवतात. तांब्याची १ मिलिमीटर जाडीची तार साधारण ८० अँपिअरला वितळते. अर्धा मिलिमीटर असेल तर साधारण २८ अँपिअरला.

हे आकडे जरा मनात ठेवा. जाडी दुप्पट केली की वितळण्याची मर्यादा दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होते. आपल्या जुन्या वाड्यांत पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज असत, किटकॅट म्हणायचे त्यांना. तार उडाली की कुणीतरी काका स्टुलावर चढून म्हणत, ‘जरा जाड घाल रे, सारखी कटकट नको.’ त्या ‘जरा’मध्ये किती वाढ होत होती, याची त्या काकांना कल्पना नव्हती. प्रीस यांना होती.

त्याच दशकात एडिसन न्यूयॉर्कमध्ये घरोघरी वीज नेत होते. पर्ल स्ट्रीटचं त्यांचं वीजकेंद्र सप्टेंबर १८८२ मध्ये सुरू झालं. वीज विकायची तर लोकांची भीती घालवली पाहिजे, आणि भीती होती आगीची. म्हणून दिव्यांच्या बरोबरीनं एडिसन यांनी संरक्षक तारांची आणि फ्यूजच्या खोक्यांची पेटंटं घेतली. घरात वीज शिरली ती फ्यूजला हाताशी धरूनच शिरली, असं म्हणायला हरकत नाही.

आता गाडीकडे येऊ. १९२७ साली शिकागोत एडवर्ड संट यांनी लिटलफ्यूज ही कंपनी काढली. त्यांचा पहिला प्रश्न मोठ्या यंत्रांचा नव्हता, नाजूक मोजमाप-यंत्रांचा होता. त्यासाठी त्यांनी छोटा, झटकन उडणारा फ्यूज केला. काचेच्या नळीत तार आणि दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. आपल्याकडच्या अँबॅसिडर गाडीत अशाच काचेच्या नळीचे फ्यूज होते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी ही मुळात इटालियन फियाट, त्यामुळे तिच्यात चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी बसवलेले फ्यूज असत. आमच्या वयाच्या श्रोत्यांनी पावसाळ्यात ती कांडी बोटानं फिरवून वायपर चालू केलेला असणार. मग १९७६ मध्ये लिटलफ्यूजनेच आजचा चपटा, दोन पात्यांचा फ्यूज आणला. त्याला रंग दिले : १० अँपिअरला लाल, १५ ला निळा, २० ला पिवळा, ३० ला हिरवा. अंधारात, घाईत, आकडा वाचता आला नाही तरी चुकू नये म्हणून. म्हणजे चूक यंत्राइतकीच माणसाच्या हातूनही होते, हे त्या रंगांत गृहीत धरलेलं आहे.

आणि संगीत? गाडीतला रेडिओ लोकप्रिय झाला १९३० च्या आसपास. शिकागोचे पॉल गॅल्विन यांनी १९३० साली तयार केलेल्या रेडिओला मोटोरोला हे नाव दिलं, आणि पुढे तेच कंपनीचं नाव झालं. गॅल्विन यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. कर्ज मिळावं म्हणून त्यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत आपला रेडिओ बसवून दिला, आणि थोड्याच वेळात त्या गाडीनं पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. गोष्ट कितपत खरी हे बाजूला ठेवू. पण ती नव्वद वर्षं सांगितली जाते यातच सगळं आलं. गाडीतलं संगीत आणि गाडीतली आग यांचं नातं लोकांना पहिल्यापासून माहीत होतं.

सुरुवातीच्या त्या रेडिओत निर्वात नळ्या होत्या. मग १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर आला, १९५५ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरनं गाडीसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ जाहीर केला, १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. हे सगळे प्रकार भूक कमी असलेले. 

खरा बदल झाला तो स्वतंत्र ॲम्प्लिफायरमुळे. इथे जरा गणित करू, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. तेवढ्याच व्होल्टेजवर ४ ओमच्या स्पीकरला, कितीही चतुराई केली तरी, स्वच्छ आवाजात विसेक वॅटच्या फार पुढे जाता येत नाही. ही मर्यादा ओलांडायची तर आधी व्होल्टेज वाढवलं पाहिजे. अमेरिकेतले अभियंते जिम फॉसगेट यांनी १९७३ साली गाडीसाठी वेगळा ॲम्प्लिफायर काढला, तो या जातीच्या अगदी पहिल्यांपैकी मानतात. अशा ॲम्प्लिफायरच्या पोटात एक पुरवठा-विभाग असतो. तो बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, ट्रान्सफॉर्मरमधून वाढवतो आणि मग आवाजाच्या विभागाला देतो.

व्होल्टेज वाढलं, पण फुकट नाही. समजा ५०० वॅटचा आवाज काढायचा आहे. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये जवळजवळ तेवढीच शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे बॅटरीकडून १००० वॅट घ्यायचे. घरातली १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा ओढत नाही. गाडीत त्याच १००० वॅटसाठी ७० अँपिअरहून अधिक लागतात. इस्त्रीची वायर आणि ॲम्प्लिफायरची वायर शेजारी ठेवून बघा, म्हणजे फरक कळेल. ती जाड तार बॅटरीपासून निघते, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या भोकातून आत येते, कार्पेटखालून सरपटत डिकीत जाते. आणि गाडीचा संपूर्ण पत्रा हा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. म्हणजे त्या तारेचं आवरण कुठेही फाटलं तरी शॉर्ट व्हायला पत्रा तयारच आहे.

म्हणून या मांडणीत फ्यूज दोन ठिकाणी असतात, आणि ते दोन वेगळ्या गोष्टींची राखण करतात. हा मुद्दा नीट ध्यानात घ्या. बॅटरीपाशी, साधारण दीड फुटाच्या आत, जो मोठा फ्यूज असतो, तो ॲम्प्लिफायरसाठी नसतो. तो तारेसाठी असतो. त्याचा आकडा तार किती सोसते यावरून ठरतो. आणि ॲम्प्लिफायरच्या अंगावर जे छोटे फ्यूज असतात, ते ॲम्प्लिफायरच्या आतल्या बिघाडासाठी. एक वाटेचा राखणदार, दुसरा घराचा.

आता आपल्या धुराकडे येऊ. न्यायशास्त्र सांगतं, जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती खरी. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला आणखी एक अट लागते, ओलं जळण. या दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांत हे घोकावं लागतं.

फ्यूजच्या बाबतीत लोक नेमकी हीच चूक करतात. शॉर्ट झाला की फ्यूज उडतो, हे खरं. म्हणून फ्यूज उडाला म्हणजे शॉर्टच झाला, ॲम्प्लिफायरच गेला, हे खरं नाही. कमी ओमचे स्पीकर जोडले असतील तरी उडतो. निगेटिव्हची तार रंगाच्या थरावर आवळली असेल, बॅटरी कमजोर असेल, तरीही उडू शकतो, कारण काही ॲम्प्लिफायर व्होल्टेज घटलं की तेवढीच शक्ती द्यायला जास्त करंट ओढतात. आणि गंमत म्हणजे जास्त करंट नसतानाही फ्यूज जातो. होल्डर सैल असेल, गंजला असेल, तर तिथेच उष्णता साठते आणि फ्यूज वितळतो. तेव्हा ‘उडाला’ एवढ्यावरून कारण सांगता येत नाही. साक्षीदाराला पुढचे प्रश्न विचारावे लागतात.

ते प्रश्न आम्हाला कुणी शिकवले? पुण्यातल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं. शिक्षण जेमतेम शाळेचं, पण माणूस पक्का नैयायिक. घाटातल्या प्रकारानंतर गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारले. कुठला उडाला? कधी उडाला? दिसतो कसा?

‘कुठला’ म्हणजे बॅटरीपाशचा की ॲम्प्लिफायरवरचा. ॲम्प्लिफायरवरचा उडाला तर दोष आत किंवा स्पीकरच्या बाजूला. बॅटरीपाशचा उडाला आणि ॲम्प्लिफायरवरचे शाबूत असतील, तर त्या दोघांच्या मधल्या वाटेवर संशय.

‘कधी’ म्हणजे लावल्याबरोबर, चालू केल्यावर, की मोठ्या आवाजात थोड्या वेळानं. ॲम्प्लिफायर बंद असताना, नुसती बॅटरी जोडल्याबरोबर ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज उडाला, तर आतला पुरवठा-विभाग किंवा उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड गेलेला असण्याचा संभव. रेडिओ चालू केला, रिमोट वायरमधून ॲम्प्लिफायरला जागं होण्याचा इशारा गेला आणि मग उडाला, तर आवाजाच्या विभागातले ट्रान्झिस्टर बघायचे. गाणं रंगात आल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी उडाला, तर आधी स्पीकरचे ओम मोजायचे. ४ ओमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओम होतात, हे जोडणारा पुष्कळदा विसरतो. आणि खड्ड्यात गाडी आपटली की उडतो, असं असेल, तर कुठेतरी तार पत्र्याला घासते आहे.

‘दिसतो कसा’ म्हणजे आतली पट्टी मधोमध हळूच तुटली आहे, की सगळं काळं पडून धातूचे शिंतोडे उडाले आहेत. हळूच तुटणं हे थोडा जास्त भार बराच वेळ राहिल्याचं लक्षण. काळं पडणं हे एकदम आलेल्या लोंढ्याचं. पात्यांच्या फ्यूजचा स्वभावच असा आहे. मर्यादेच्या सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे १३५ टक्के करंट असेल तर तो पाऊण सेकंदात उडेल किंवा दहा मिनिटंही थांबेल. दुप्पट करंटला मात्र फार तर पाच सेकंद. फ्यूज उतावळा नाही, तो गाण्यातल्या क्षणभराच्या ठोक्याला माफ करतो. म्हणून तो उडतो तेव्हा त्याचं म्हणणं गंभीरपणे घ्यायचं.

भाच्यानं उत्तरं दिली. बॅटरीपाशचा उडायचा. ॲम्प्लिफायरवरचे कधीच उडाले नाहीत. बहुधा खराब रस्त्यावर. काळा पडलेला. म्हातारेबुवा म्हणाले, ‘मग ॲम्प्लिफायर कशाला बदललात?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. महिनाभर साक्षीदार एकच गोष्ट सांगत होता. कुणी विचारलंच नाही.

पुढे त्यांनी जे केलं ते आम्ही वर्गात शिकवत आलो होतो, पण असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फ्यूजच्या जागी फ्यूज लावला नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब लावला. समोर पूर्ण शॉर्ट असला तरी असा बल्ब दोन अँपिअरच्या आतच करंट जाऊ देतो, त्यामुळे जळायची भीती नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून मंद होतो किंवा विझतो, कारण ॲम्प्लिफायरमधले कॅपॅसिटर तेवढ्यात भरून घेतात. शॉर्ट असेल तर तो पेटूनच राहतो. दहा-वीस रुपयांच्या बल्बमध्ये तपासणी होते, फ्यूज वाया जात नाहीत.

मग त्यांनी डिकीतून ॲम्प्लिफायरची तार काढून टाकली, तिचं टोक टेपनं गुंडाळलं. आता ॲम्प्लिफायर या खटल्यात हजरच नाही. तरी बल्ब भकाभक पेटलेला. म्हणजे आरोपी गैरहजर असताना गुन्हा घडतो आहे. याला आमच्या शास्त्रात व्यतिरेकानं व्यभिचार दाखवणं म्हणतात. ज्याच्या अभावातही कार्य होतं, ते त्या कार्याचं कारण नव्हे. मग त्यांनी पत्र्याच्या भोकातून तार अलगद बाहेर ओढली. बल्ब विझला. पुन्हा आत सारली. पेटला. ते असणं आणि हे असणं, ते नसणं आणि हे नसणं. अन्वय आणि व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यातलीही मुख्य ही : बाकी सगळं तसंच ठेवा, एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा.

भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट नव्हतं. चार-सहा रुपयांची वस्तू. पत्र्याच्या धारेनं प्रत्येक खड्ड्याला आवरण थोडं थोडं कापलं होतं. खड्ड्यात तार पत्र्याला टेकायची, फ्यूज उडायचा आणि आग टळायची. फ्यूज महिनाभर आपलं काम चोख करत होता. ज्या दिवशी आम्ही त्याला चांदीत गुंडाळलं, त्या दिवशी त्याची जागा त्या तारेनं घेतली. ब्रेगे यांनी म्हटलं होतं ना, कमकुवत कडी कुठेतरी असणारच. ती आम्ही बॅटरीपाशून उचलून मुलांच्या पायाखाली नेऊन ठेवली होती.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. म्हातारेबुवांनी हात पुसत विचारलं, ‘सर, फ्यूज नव्हता तर तो नुसता काढून का नाही ठेवलात? गाडी तर चालली असती.’ खरंच की. ॲम्प्लिफायरची ती तार गाडीच्या इंजिनाला, दिव्यांना, ब्रेकला, कशालाच लागत नाही. फ्यूज उडालेला तसाच ठेवला असता तर साताऱ्यापर्यंत फक्त गाणं मिळालं नसतं. दीड-दोन तासांच्या गाण्यासाठी आम्ही काय पणाला लावलं होतं, हे त्या प्रश्नानंतर आम्हाला कळलं. भाचा आजही तो विषय निघाला की गप्प होतो. आम्हीही.

तेव्हा मंडळी, व्यवहारापुरतं एवढं लक्षात ठेवा. फ्यूज बदलायचा तो त्याच आकड्याचा. दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा लावायचा नाही, आधी विचारायचं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडल्याशिवाय जाड तारेला हात लावायचा नाही. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ॲम्प्लिफायरही बदलला, स्पीकरही बदलले, तारही बदलली आणि दुरुस्त झालं, तर दुरुस्त झालं एवढंच कळतं, का झालं ते कळत नाही, आणि बिल तिन्हींचं येतं.

शेवटी एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे. ते विचारतात, की आता फ्यूजऐवजी बटण दाबून पुन्हा चालू होणारे सर्किट ब्रेकर मिळतात, ते लावले तर ही कटकट संपणार नाही का? चांगला प्रश्न आहे. ब्रेकर योग्य आकड्याचा आणि चांगल्या प्रतीचा असेल तर जरूर लावा. पण त्यात एक सोय आहे, आणि तीच आम्हाला धोक्याची वाटते. फ्यूज संपतो, दुकानात जावं लागतं, तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. ब्रेकरचं बटण दाबायला एक सेकंद लागतो. दहा वेळा पडलं आणि दहा वेळा दाबलं, तर ती आमच्या चॉकलेटच्या चांदीचीच सुधारलेली आवृत्ती झाली. ज्या घरात, ज्या कचेरीत तक्रार करणाऱ्याला गप्प करायची सवय असते, तिथे कुठलं उपकरण लावलंय यानं फारसा फरक पडत नाही.

पुढच्या वेळी याच धाग्यावर अन्यथासिद्ध म्हणजे काय ते बघू. कार्याच्या वेळी हजर असणारं सगळंच कारण नसतं, हा तो विचार. ॲम्प्लिफायर बिचारा विनाकारण बदलला गेला, त्याची आठवण ठेवून या.